प्रयोग आणि व्रत : गांधीजींच्या आरोग्य-प्रयोगांचा जीवनपट

बंगळूरहून उत्तरेस जाणारा बल्लारी रस्ता येलहंका मागे टाकून देवनहळ्ळीकडे वळतो आणि त्याच बाजूने पुढे नंदीदुर्गाची वाट लागते. येलहंका हे आज बंगळूर महानगरात सामावलेले असले, तरी बंगळूरचे संस्थापक केंपेगौडा यांच्या नाडप्रभू घराण्याचे ते मूळ ठाणे होय. सतराव्या शतकात हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीच्या परिघात आला व त्यामुळे मराठी इतिहासालाही तो परका राहिला नाही. याच प्रदेशातील सुमारे ४,८५० फूट उंचीच्या नंदीदुर्गावर एप्रिल १९२७ मध्ये महात्मा गांधींना विश्रांतीसाठी आणण्यात आले. मार्चच्या अखेरीस कोल्हापूर-निपाणीच्या दौऱ्यात अतिश्रमाने त्यांची प्रकृती एकाएकी ढासळली होती आणि रक्तदाब वाढल्याचे निदान डॉक्टरांनी केले होते. बेळगाव व आंबोली येथे काही काळ काढून ते म्हैसूर संस्थानात आले. त्या वेळी त्यांची आत्मकथा नवजीवन साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध होत होती आणि तिच्या नावातच प्रयोग हा शब्द होता. आपल्या देहावरील प्रयोगांचा वृत्तान्त वाचकांपुढे मांडीत असलेला पुरुष त्याच देहाच्या बिघाडामुळे सक्तीची विश्रांती घेत होता. हा प्रसंग गांधीचरित्रात सहसा दोन ओळींत आटोपला जातो. आरोग्यविचाराच्या दृष्टीने मात्र तो अधिक लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे.

गांधीजींच्या आहार, उपवास व निसर्गोपचार यांविषयीच्या प्रयोगांकडे आजवर दोन दृष्टींनी पाहिले गेले. भक्तांनी त्यांत साधना पाहिली, टीकाकारांनी लहरीपणा पाहिला. तिसरी एक दृष्टी संभवते व तीच येथे अवलंबिली आहे. आरोग्य-मानसशास्त्रात एकाच व्यक्तीवर आधारलेल्या अभ्यासाची एक शिस्त गेल्या शतकात सिद्ध झाली. हर्मान एबिंगहाउस याने १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मृतीवरील प्रयोग ग्रंथरूपाने मांडले होते. पुढे १९६० मध्ये मरे सिडमन याने, १९७६ मध्ये हर्सन व बार्लो यांनी या पद्धतीचे शास्त्र सांगितले आणि १९८६ मध्ये गॉर्डन गायट व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्णापुरत्या औषधपरीक्षेची रीत वैद्यकात आणली. या शिस्तीची अंगे मोजकी आहेत. उपायापूर्वीची स्थिती काही काळ मोजून ठेवावी. एका वेळी एकच बदल करावा. मोजणी वारंवार करावी. उपाय काढून घेतल्यावर मूळची तक्रार परत येते की नाही हे पाहावे. आणि शक्य तेथे निवाडा दुसऱ्याच्या नजरेवर सोपवावा. गांधीजींना ही परिभाषा ठाऊक असणे शक्य नव्हते. परंतु यांपैकी कोणती अंगे त्यांनी आपल्या बुद्धीने गाठली आणि कोणते अंग त्यांना स्वभावतःच वर्ज्य होते, हा प्रश्न त्यांच्या चरित्राच्या गाभ्याशी जाऊन भिडतो.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे वैष्णव कुटुंबात झाला. शाळकरी वयात मित्राच्या आग्रहाने त्यांनी चोरून मांसाहार केला; इंग्रजांचे बळ त्यांच्या आहारात आहे, ही त्या काळची समजूत त्यामागे होती. म्हणजे आहार आणि शक्ती यांच्या संबंधाची परीक्षा पाहण्याची वृत्ती तेव्हापासूनच दिसते. १८८८ मध्ये विलायतेस निघताना मातेसमोर मांस, मद्य व स्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा झाली. लंडनमध्ये हेन्री सॉल्ट याचे शाकाहारावरील पुस्तक वाचल्यावर जे प्रतिज्ञेने पाळले जात होते ते बुद्धीनेही पटले. मग प्रयोगांची मालिका सुरू झाली. मसाले व मिठाई सुटली, काही काळ केवळ पाव आणि फळे, काही काळ पिष्टमय पदार्थांवाचून जेवण, आणि एकदा चीज, दूध व अंडी असा आहार घेऊन पाहिला. रोजच्या खर्चाचा पैन्‌पै हिशेब ठेवण्याची सवयही याच काळातली आहे. तीच शिस्त त्यांनी देहाच्या बाबतीतही वापरली. बिनमसाल्याची उकडलेली भाजी काही दिवसांनी रुचकर लागू लागली, तेव्हा चवीचे खरे स्थान जिभेत नसून मनात आहे, या निष्कर्षाला ते आले. आरोग्य-मानसशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर सवय आणि अपेक्षा यांचा संवेदनेवरील परिणाम त्यांनी स्वतःवर अनुभवला होता.

परंतु याच मालिकेतील अंड्यांचा प्रयोग पंधरवडाभरही टिकला नाही. तो थांबला तो प्रकृतीवरील परिणाम पाहून नव्हे. मातेला अभिप्रेत असलेल्या मांसाच्या अर्थात अंडीही येतात, ही जाणीव झाल्याबरोबर तो सोडून देण्यात आला. प्रयोग व व्रत यांची ही पहिली गाठ होती, आणि व्रताने प्रयोगावर मात केली. पुढील सारे आयुष्य ही गाठ पुनःपुन्हा पडत राहिली.

दक्षिण आफ्रिकेत पोचल्यानंतर काही महिन्यांतच, २२ ऑगस्ट १८९३ रोजी, प्रिटोरिया येथे त्यांनी न शिजविलेल्या अन्नाचा प्रयोग आरंभिला. रोज काय खाल्ले, भूक भागली की नाही, अशक्तपणा केव्हा जाणवला, यांची तारीखवार टिपणे त्यांनी ठेवली. प्रयोग दोन आठवड्यांच्या आतच सोडावा लागला. विशेष हे की, हा फसलेला प्रयोग त्यांनी दडवून ठेवला नाही. मार्च १८९४ मध्ये लंडनच्या व्हेजिटेरियन या पत्रात तो दिनांकांसह प्रसिद्ध झाला. अपयशाची नोंद प्रसिद्ध करणे ही गोष्ट आजच्या संशोधनातही विरळ आहे. चोवीस वर्षांच्या बॅरिस्टराने ती सहजगत्या केली, यावरून त्याच्या मनाची घडण दिसून येते.

जोहान्सबर्ग येथील वास्तव्यात बद्धकोष्ठ आणि वारंवार होणारी डोकेदुखी यांनी ते त्रस्त झाले होते. मँचेस्टर येथे सकाळची न्याहारी सोडणाऱ्यांची एक मंडळी स्थापन झाल्याचे त्यांच्या वाचनात आले. आपण दिवसातून तीन वेळा भरपेट जेवतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी न्याहारी बंद केली. काही दिवस जड गेले, मग डोकेदुखी थांबली. आपण गरजेपेक्षा अधिक खात होतो, असे अनुमान त्यांनी काढले. बद्धकोष्ठ मात्र तसाच राहिला. त्यावर कुने यांच्या पद्धतीचे कटिस्नान व नंतर जुस्ट यांच्या पुस्तकावरून पोटावर मातीच्या पट्ट्या हे उपाय झाले. येथे शिस्तीचे एक अंग आपोआप सांभाळले गेले होते: एका बदलाने एक तक्रार गेली आणि दुसरी गेली नाही, त्यामुळे त्या बदलाचा संबंध पहिल्या तक्रारीशी जोडण्यास काही आधार मिळाला. परंतु न्याहारी पुन्हा सुरू करून डोकेदुखी परतते काय, हे त्यांनी पाहिले नाही. सुटलेली गोष्ट पुन्हा धरणे त्यांना मागे पाऊल टाकण्यासारखे वाटत असे.

या बाबतीत त्यांच्या चिकित्सक बुद्धीचा उत्तम नमुना म्हणजे कस्तुरबांच्या आजाराचे प्रकरण होय. रक्तस्रावाच्या विकाराने त्या क्षीण झाल्या असता गांधीजींनी त्यांना मीठ व डाळी सोडण्याचा सल्ला दिला. तुम्हालाही ते सुटणार नाही, असे कस्तुरबांनी सुनावताच गांधीजींनी तत्क्षणी स्वतःच वर्षभरासाठी दोन्ही पदार्थ वर्ज्य केले. कस्तुरबा खजील झाल्या, त्यांनीही पथ्य स्वीकारले आणि विकार हटला. सामान्य उपचारक येथे मीठ व डाळी यांना दोषी ठरवून मोकळा झाला असता. गांधीजींनी मात्र आत्मकथेत निरनिराळ्या शक्यता मांडल्या: गुण आला तो या दोन पदार्थांच्या त्यागाने, की त्यामुळे आहारात झालेल्या इतर फेरफारांनी, की इतर नियम काटेकोर पाळले जावेत म्हणून ठेवलेल्या दक्षतेने, की त्या प्रसंगातून उत्पन्न झालेल्या मानसिक आनंदाने? निर्णय आपणास देता येत नाही, असे त्यांनी कबूल केले. प्रतिस्पर्धी कारणांची ही यादी, आणि तीत मनाच्या प्रसन्नतेला दिलेले स्थान, आजच्या कोणत्याही पद्धतिशास्त्राच्या वर्गात उदाहरण म्हणून ठेवता येईल. आपला वैद्यकीय यश सिद्ध करण्याचा मोह आवरून निष्कर्ष मोकळा ठेवणे हे चरित्रलेखनाच्या दृष्टीनेही असाधारण आहे. भारतीय भाषांतील आत्मचरित्रांत असा संयम क्वचितच आढळतो.

१९१२ मध्ये टॉल्स्टॉय फार्मवर हर्मान कालेनबाख यांच्यासह त्यांनी दूध सोडले आणि काही काळ केवळ फळांवर राहून पाहिले. ब्रह्मचर्यपालनाला दूध बाधक आहे, अशी धारणा त्यामागे होती. गाईम्हशींवर दुधासाठी होणाऱ्या क्रूर प्रकारांची माहितीही कारणीभूत झाली. दुसऱ्या वर्षी इंडियन ओपिनियनमध्ये त्यांनी आरोग्यावरील गुजराती लेखमाला लिहिली व स्वतःच्या अनुभवाचे निष्कर्ष सर्वांसाठी सांगितले. येथे एका देहाचा दाखला समाजाच्या नियमाचे रूप घेऊ लागला. १९१४ मध्ये लंडनमध्ये फुप्फुसावरणाच्या दाहाने ते आजारी असता गोपाळ कृष्ण गोखले यांनी दूध घेण्याचा आग्रह केला. गुरुस्थानी मानलेल्या पुरुषाचा हा आग्रहही त्यांनी मोडला.

त्या व्रताची खरी कसोटी १९१८ मध्ये लागली. खेडा जिल्ह्यातील सैन्यभरतीच्या दगदगीनंतर अतिसाराने ते मरणोन्मुख झाले. अन्न अंगी लागेना आणि शक्ती परत येईना. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईस डॉ. दलाल यांनी दूध घेतल्याशिवाय शरीर भरून येणार नाही, असे स्पष्ट सांगितले. व्रत घेताना डोळ्यांपुढे गाईम्हशींचेच दूध असणार, तेव्हा शेळीच्या दुधाला अडचण कोणती, ही तोड कस्तुरबांनी काढली. गांधीजींनी ती मान्य केली आणि प्रकृती सुधारली. परंतु व्रताचे अक्षर राखले, आत्मा गमावला, असे शल्य त्यांना जन्मभर राहिले. प्रयोगाचा निर्णय त्यांच्याविरुद्ध लागला होता आणि तो त्यांनी शब्दांत स्वीकारला. दुधाला समर्थ वनस्पतिज पर्याय सापडेपर्यंत इतरांनी दूध सोडू नये, असा इशाराही त्यांनी दिला. तरी स्वतःपुरते गाईच्या दुधाचे दार बंदच राहिले. प्रयोगात मागे फिरण्याची मुभा असावी लागते. व्रतात मागे फिरणे हा भंग ठरतो. गांधीजींनी दोहोंना एकाच जीवनात बसविले, आणि त्यांच्या आरोग्यविचाराचे तेज व त्याची कोंडी ही दोन्ही तेथूनच उद्भवली.

याच सुमारास त्यांची रीत मराठी मुलखातही रुजू लागली होती. आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन वाईस वेदान्ताध्ययनासाठी गेलेल्या विनोबा भावे यांनी १९१८ मध्ये गांधीजींना पाठविलेल्या पत्रात प्रकृतीचा अहवालच सादर केला आहे. रोजचे चालणे, दळण, ३०० सूर्यनमस्कार, मीठ-मसाल्याचा त्याग, आणि महिनाभर केवळ केळी, दूध व लिंबू यांवर राहिल्याने शक्ती घटल्याची नोंद त्यात आहे. दुधाचे प्रमाण तोळ्यांत दिलेले आहे आणि दूध सोडवत नाही हा निष्कर्षही आहे. पुढे १९३८ मध्ये पवनारला प्रकृती सुधारण्यासाठी गेल्यावर मनावरील सर्व कामांचा भार उतरवून विनोबांनी खणण्याचे श्रम रोज थोडे थोडे वाढवीत नेले व सुमारे ८८ पौंडांपर्यंत उतरलेले वजन वर्षाच्या आत १२८ पौंडांवर आणले. एकाच देहाची मोजदाद ठेवण्याची ही परंपरा आश्रमीय गद्याचा एक विशेष होऊन बसली. सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पा पटवर्धन यांच्या मराठी अनुवादामुळे आत्मकथेतील ते निवेदन मराठी वाचकाच्याही परिचयाचे झाले.

जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी गांधीजींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. आधुनिक वैद्यकावर हिंद स्वराज्यात कठोर टीका करणाऱ्या पुरुषाला तिचाच आश्रय घ्यावा लागला. ही गोष्ट त्यांनी लपविली नाही. उलट आपल्या आचारातील उणिवेला दोष दिला. त्यांची ही मीमांसा नैतिक होती, शारीरिक नव्हे, आणि तिची परीक्षा कोणत्याही मोजमापाने होण्यासारखी नव्हती.

आता नंदीदुर्गाकडे वळावयाचे. १९२७ च्या आजारात एक नवी गोष्ट घडली. १८९६ मध्ये रिव्हा-रोची याने व १९०५ मध्ये कोरोत्कोफ याने सिद्ध केलेल्या पद्धतीने रक्तदाब मोजणे तोवर वैद्यकात रूढ झाले होते. भूक, उत्साह, मनाचे समाधान यांचा साक्षी प्रयोगकर्ता स्वतःच असतो. पाऱ्याच्या स्तंभाला मात्र त्याच्या मताशी कर्तव्य नसते. गांधीजींच्या देहाविषयी एक परकी, तटस्थ साक्ष प्रथमच त्यांच्या जीवनात नियमित झाली. नंदीवर भाषणे नव्हती, प्रवास नव्हता. पत्रलेखन, सूतकताई व वाचन यांपुरते काम होते. हवा थंड, भेटी मर्यादित, आहार नियमित. जूनमध्ये ते बंगळूरच्या कुमार पार्क येथे आले. प्रकृती सुधारत गेली तसे काम वाढत गेले: जुलैच्या आरंभी खादी प्रदर्शन झाले, १२ जुलैस भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले. गाईचे दूध वर्ज्य केलेल्या या पुरुषाने तेथील सरकारी दुग्धसंस्थेत गोपालनाचा अभ्यास केला, हेही नमूद करण्यासारखे आहे. ऑगस्टच्या अखेरीस ते पुढील दौऱ्यास निघाले.

गुण कशाने आला? विश्रांतीने, हवेने, आहाराने, लोकांच्या गराड्यातून सुटल्याने, की काळाच्या ओघाने? सारेच बदल एकदम झाले होते, म्हणून एकव्यक्ती-अभ्यासाच्या कसोटीवर या प्रसंगातून कोणतेही एक कारण सिद्ध होत नाही. कस्तुरबांच्या आजारात त्यांनी जी शंका स्वतः उपस्थित केली होती, ती येथेही तशीच लागू पडते. तथापि उपाय काढून घेतल्यावर तक्रार परतते काय, ही परीक्षा नियतीने पुढे घडवून आणली. विश्रांती संपली, दौरे व राजकीय ताण परत आले आणि डिसेंबर १९३५ मध्ये वर्धा येथे रक्तदाबाने त्यांना पुन्हा अंथरुणाला खिळविले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या आरोग्यनोंदींत २६ ऑक्टोबर १९३७ रोजी १९४/१३० आणि १९ फेब्रुवारी १९४० रोजी २२०/११० असे आकडे आढळतात. हे आकडे पाहता मौन, दुपारची झोप व मातीच्या पट्ट्या यांवरील त्यांची निष्ठा लहर वाटत नाही. ताण व रक्तदाब यांचा संबंध त्यांनी स्वतःच्या देहात पुनःपुन्हा वाचला होता.

मध्यंतरी मे १९२९ मध्ये त्यांनी कच्च्या अन्नाचा प्रयोग पुन्हा हाती घेतला. प्रिटोरियातील प्रश्नच छत्तीस वर्षांनी पुन्हा विचारला गेला. मोड आलेले धान्य, बदाम, पाला, लिंबू, मध यांची प्रमाणे यंग इंडियात प्रसिद्ध झाली. काही आश्रमवासीही सामील झाले आणि वाचकांचे अनुभव मागविण्यात आले. ऑगस्टमध्ये अतिसाराने प्रयोग थांबवावा लागला व ते शेळीच्या दुधाकडे परतले. हेही त्यांनी जाहीर केले. येथे व्रत आड आले नाही, म्हणून प्रयोग प्रयोगासारखा संपला. प्रश्न, नोंद, पुनरावृत्ती, माघार आणि जाहीर कबुली, असे या प्रकरणाचे सर्व टप्पे निर्मळ आहेत.

१९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील कारावासात त्यांनी आरोग्याची किल्ली हे छोटे पुस्तक लिहिले. आधीच्या लेखमालेतील ठामपणा त्यात बराच निवळलेला दिसतो. १९४६ मध्ये पुण्याजवळ उरुळी कांचन येथे निसर्गोपचाराचे कार्य सुरू झाले. एका देहावर पारखलेले उपाय तेथे ग्रामीण रुग्णांपुढे ठेवण्यात आले. एकाचा अनुभव अनेकांना लागू करावयाचा, तर तो अनेकांच्या बाबतीत, एकेकाची स्वतंत्र नोंद ठेवून, पुन्हा पारखावा लागतो. श्रद्धेच्या भरात ही पायरी निसर्गोपचाराच्या चळवळीकडून अनेकदा गाळली गेली.

अखेरच्या पर्वातील एका गोष्टीकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४६-४७ मध्ये नौखालीच्या यात्रेत ब्रह्मचर्याची कसोटी म्हणून त्यांनी जे प्रयोग केले, त्यांत दुसऱ्या व्यक्ती, त्याही वयाने व अधिकाराने लहान असलेल्या स्त्रिया, गोवल्या गेल्या. निर्मलकुमार बोस, किशोरलाल मश्रुवाला यांच्यासारख्या निकटवर्तीयांनी आक्षेप नोंदविले. स्वतःच्या देहावरील प्रयोगाचा अधिकार ज्याचा त्याला असतो. दुसऱ्याचा देह आणि मन त्यात येताच तो एका व्यक्तीचा प्रयोग उरत नाही. ज्याच्या शब्दाला नकार देणे कठीण, त्याच्यासमोर दिलेली संमती कितपत मोकळी असते, हा प्रश्न आज संशोधनाच्या नीतिशास्त्राचा पाया आहे. गांधीजींनी हे प्रयोगही लपविले नाहीत. परंतु उघडपणा हा संमतीच्या प्रश्नाचे उत्तर होऊ शकत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांची हत्या झाली.

या जीवनपटातून जे निष्पन्न होते ते थोडक्यात असे. नोंद, पुनरावृत्ती, अपयशाची प्रसिद्धी आणि प्रतिस्पर्धी कारणांचा विचार, ही एकव्यक्ती-अभ्यासाची चार अंगे गांधीजींनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून साधली. पाचवे अंग, म्हणजे सोडलेले पुन्हा धरून पाहण्याची तयारी, व्रताने त्यांना बहुधा नाकारले; आणि जेथे प्रयोग आपल्या देहाची मर्यादा ओलांडून गेला, तेथे त्यांच्या नैतिक दृष्टीलाही बाध आला. त्यांच्या आत्मकथेतील आरोग्यविषयक प्रकरणे भारतीय साहित्याच्या अभ्यासकाने केवळ उपदेशपर गद्य म्हणून वाचू नयेत. निवेदक, रुग्ण, उपचारक व न्यायाधीश या चारही भूमिका तेथे एकाच मी या सर्वनामात वावरतात, आणि त्यांतील कोणता मी कोणत्या वाक्यात बोलतो आहे, हे वेगळे काढल्याशिवाय त्या गद्याचे खरे बळ व त्याची खरी मर्यादा हाती येत नाही. विनोबांची पत्रे आणि आश्रमीय परंपरेतील इतर मराठी आत्मपर लेखन यांनाही हाच निकष लावून पाहणे अगत्याचे आहे.